उसना हादरा: कोयना, किल्लारी आणि एका निवडीचा इतिहास



आजचा विषय भूकंपाचा आहे. पण भूकंप कसा होतो हे सांगायला आपण इथं जमलेलो नाही. ते भूगर्भशास्त्रज्ञ आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगतील. आपण आज एका निवडीचा इतिहास बघणार आहोत. एखाद्या मुलखात मोठा भूकंप झाला तर तिथली जमीन किती जोरात हलेल, हे घरं, पूल, धरणं बांधण्याच्या आधी ठरवावं लागतं. पण त्या मुलखात मोठा भूकंप यंत्रावर कधी नोंदलाच गेलेला नसतो. मग दुसऱ्या कुठल्यातरी मुलखातला अनुभव उसना घ्यावा लागतो. कोणाचा घ्यायचा? कशाच्या आधारावर? आणि निवड चुकली तर किंमत कोण मोजणार?

आम्ही या विषयाकडे वळलो ते एका विद्यार्थ्यामुळे. १९९३ ची दिवाळीची सुट्टी संपली होती. तर्कशास्त्राच्या वर्गात अनुमानाचं प्रकरण चालू होतं. उमरगा तालुक्यातला एक मुलगा मागच्या बाकावरून उठला आणि म्हणाला, "सर, नकाशावर आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याचा होता. ते कशावरून ठरवलं होतं?" त्याच्या घरातली माणसं गेली होती, हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे असं समजा.

सुरुवात थोडी मागून करू. १२ जून १८९७ रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा मोठा अहवाल १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. हादऱ्याचा जोर मोजायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. उलटलेले खांब, कोसळलेली थडगी, जागचे उडालेले दगड यांवरून त्यांनी जोराचा अंदाज बांधला. त्याच सुमारास, म्हणजे १८९८-९९ मध्ये, कलकत्त्याच्या अलीपूरला, मुंबईत कुलाब्याला आणि कोडाईकनालला भूकंपमापक यंत्रं बसली. म्हणजे आपल्याकडे नोंदी घेण्याची परंपरा जुनी आहे. मग नोंदी नाहीत असं आपण का म्हणतो?

इथं एक बारीक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कुलाब्याचं यंत्र दूरचे भूकंप टिपण्यासाठी होतं. अतिशय नाजूक. जवळ मोठा धक्का बसला की अशा यंत्राची रेघ कागदाबाहेर जाते. भूकंप झाला एवढं कळतं, जमीन किती जोरात हलली ते कळत नाही. इमारत बांधणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं. ते दणकट असतं, एरवी झोपलेलं असतं आणि जोराचा धक्का बसला की जागं होऊन प्रवेग नोंदवतं. त्याला अ‍ॅक्सेलरोग्राफ म्हणतात. अशा यंत्रावरची पहिली नोंद कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या भूकंपाची, मार्च १९३३ मधली. पुढं मे १९४० मध्ये एल सेंट्रोला एक उत्तम नोंद मिळाली आणि ती जगभरच्या पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. कित्येक दशकं अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी कागदावरच्या आपल्या इमारती एल सेंट्रोच्या हादऱ्यावर हलवून बघितल्या. ही पहिली उसनवारी. कोणी ठरवून केलेली नाही, दुसरं काही हातात नव्हतं म्हणून झालेली.

नोंदी वाढल्या तशी त्यांतून सूत्रं निघायला लागली. मेक्सिकोतल्या लुइस एस्तेवा आणि एमिलिओ रोसेनब्लूएथ यांचं १९६४ मधलं सूत्र हे सुरुवातीच्या सूत्रांपैकी एक. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅलिन कॉर्नेल यांनी अशा सूत्रांना संभाव्यतेच्या गणिताची जोड दिली. आजचं भूकंप-धोक्याचं सगळं गणित त्या चौकटीत चालतं. या सूत्रांना आता ग्राउंड मोशन मॉडेल म्हणतात. त्याला तुम्ही सांगायचं: भूकंप एवढ्या मॅग्निट्यूडचा, एवढ्या अंतरावर, जमीन अशी अशी. ते सांगतं: हादरा साधारण एवढा बसेल, आणि प्रत्यक्षात तो इतका कमी-जास्त होऊ शकतो. हे दुसरं वाक्य फार महत्त्वाचं. एकाच मॅग्निट्यूडच्या भूकंपात, एकाच अंतरावर, मोजलेला जोर मध्यापेक्षा दुप्पट किंवा निम्मा निघणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

आता कॅलिफोर्नियात, जपानमध्ये मोठे भूकंप वरचेवर होतात, यंत्रांचं जाळं दाट आहे, तिथं सूत्र तिथल्याच नोंदींवर उभं राहतं. आपल्या दख्खनच्या पठाराचं काय? हा जुना, कठीण, थंड पडलेला खडक. पृथ्वीच्या कवचातले मोठे तुकडे जिथं एकमेकांना भिडतात त्या सीमा इथून दूर. शाळेत आपल्याला हेच शिकवलं गेलं: हिमालय हलतो, दख्खन स्थिर. १९६७ च्या आधीच्या भूकंप-नकाशावर या पठाराचा मोठा भाग शून्य क्रमांकाच्या विभागात होता. शून्य या शब्दाकडे लक्ष द्या. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनानगर. मॅग्निट्यूड ६.३. सुमारे १८० माणसं गेली. धरण १०३ मीटर उंचीचं, आणि त्याच्या आराखड्यात भूकंपासाठी धरलेला गुणांक होता ०.०५, म्हणजे गुरुत्वीय प्रवेगाच्या विसाव्या हिश्शाइतका आडवा रेटा. धरणातच एक अ‍ॅक्सेलरोग्राफ बसवलेला होता. त्यानं धरणाच्या अक्षाच्या दिशेनं ०.६३ नोंदवलं, आडव्या दिशेनं ०.४९. अभियंते सांगतील की आराखड्यातला गुणांक आणि क्षणभराचा शिखर-प्रवेग यांची थेट तुलना करता येत नाही, आणि ते बरोबर आहे. तरीसुद्धा हे अंतर डोळ्यांत भरण्यासारखं होतं. धरणाच्या उंच खंडांना, जिथं खालच्या बाजूचा उतार बदलतो तिथं, भेगा पडल्या. धरण टिकलं, नंतर ते आणखी मजबूत केलं गेलं.

त्यातून आपण काय शिकलो? १९७० च्या आवृत्तीत शून्य क्रमांकाचा विभागच काढून टाकला. कोयना चौथ्या विभागात गेली. आणि किल्लारी? ती पहिल्या विभागात राहिली, म्हणजे जो आता सगळ्यात खालचा होता त्यात. कोयनेचा भूकंप हा जलाशयामुळे झाला, १९६२ पासून पाणी साठायला लागलं आणि हादरे सुरू झाले, म्हणजे तो अपवाद, असं समजणं सोपं होतं. जलाशयाचा संबंध खराच आहे, जगभरचे शास्त्रज्ञ कोयनेकडे त्याच कारणानं येतात. पण पाण्यानं फक्त निमित्त दिलं असेल, तर खडकात साठलेला ताण आधीपासून होताच. कोयनेला तो होता, तर पठारात इतरत्र नसेल कशावरून? हा प्रश्न नकाशाच्या रंगात उतरला नाही.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. मॅग्निट्यूड ६.२, तोही अगदी उथळ, जमिनीखाली थोड्याच किलोमीटरवर. अधिकृत आकड्यांनुसार जवळजवळ ८,००० माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. जिथं लाकडी खणांनी माळवद तोलून धरलं तिथं भिंती पडूनही काही माणसं वाचली. आणि या भूकंपाच्या केंद्राजवळ मुख्य धक्क्याची एकही अ‍ॅक्सेलरोग्राफ नोंद नाही. नंतर यंत्रं नेली, नंतरचे छोटे धक्के टिपले. पण त्या पहाटे जमीन नेमकी किती जोरात हलली हे आपल्याला मोजून माहीत नाही. पडलेल्या घरांवरून मागे जाऊन अंदाज करावा लागतो. म्हणजे १८९७ मध्ये ओल्डहॅम जे करत होते तेच आपण १९९३ मध्ये करत होतो. फरक इतकाच, की आपलं यंत्र म्हणजे माणसांची घरं होती.

आता निवडीचा प्रश्न आला. किल्लारीनंतर मराठवाड्यात पुन्हा घरं बांधायची, नकाशे सुधारायचे, तर हादऱ्याचं सूत्र कुठून आणायचं? मुख्यतः तीन वाटा होत्या, आणि आजही त्याच आहेत.

पहिली वाट: आपल्यासारखा मुलूख शोधा आणि त्याचं सूत्र घ्या. इथं आम्हाला आमच्या विषयातला उपमान आठवतो. नैयायिकांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. गवय नावाचं रानटी जनावर गाईसारखं असतं एवढं ऐकलेला माणूस रानात जातो, गाईसारखं जनावर बघतो आणि म्हणतो, हाच तो गवय. दख्खनसाठी ही गाय म्हणजे पूर्व उत्तर अमेरिका. तिथलंही कवच जुनं, कठीण, थंड. अशा कवचात कंपनं लवकर विरत नाहीत, लांबवर जातात. गेल ॲटकिन्सन आणि डेव्हिड बूर यांचं १९९५ मधलं सूत्र त्या भागासाठीचं, आणि जगभरच्या स्थिर प्रदेशांत ते वापरलं गेलं.

पण गायच जर नीट पाहिलेली नसेल तर? पूर्व उत्तर अमेरिकेतले सगळ्यात मोठे भूकंप मिसिसिपीच्या खोऱ्यात न्यू मॅड्रिडला १८११-१२ मध्ये झाले, तेव्हा कुठलंच यंत्र नव्हतं. त्यामुळं तिथलं सूत्रही छोट्या-मध्यम धक्क्यांच्या नोंदी आणि गणिती नक्कल यांवर उभं आहे. म्हणजे आपण ज्याच्याकडे उसनं मागायला गेलो त्यानंही उसनंच आणलेलं. शिवाय तिथला संदर्भाचा खडक फार कठीण, आपल्याकडे वर काळी माती, खाली झिजलेला काळा पाषाण. साम्य कवचाच्या वयात आहे, वरच्या थरात नाही.

दुसरी वाट: नोंदी नसल्या तर भौतिकशास्त्रातून हादरा तयार करा. भूकंपाच्या उगमाचं, वाटेतल्या विरण्याचं आणि जागेवरच्या जमिनीचं गणित मांडायचं आणि संगणकावर हजारो कृत्रिम भूकंप घडवायचे. बूर यांनीच १९८३ मध्ये ही पद्धत पद्धतशीर मांडली. भारतात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले आर. एन. अय्यंगार आणि एस. टी. जी. रघुकांत यांनी तिचा उपयोग करून २००४ मध्ये दख्खनसह सगळ्या द्वीपकल्पासाठी सूत्र दिलं. त्यांनी कोयना-वारणा, पश्चिम-मध्य भारत आणि दक्षिण भारत असे तीन भाग पाडले. लागणारे आकडे इथल्या छोट्या धक्क्यांवरून घेतले आणि निष्कर्ष १९६७ च्या कोयना आणि २००१ च्या भूज भूकंपाच्या नोंदींशी ताडून पाहिले. ही मोठी गोष्ट होती. आपल्या जमिनीबद्दल आपल्याच जमिनीला विचारण्याचा तो प्रयत्न होता.

तिसरी वाट मधली. समृद्ध नोंदींच्या प्रदेशातलं सूत्र घ्यायचं, आणि तिथल्या व इथल्या कवचातल्या फरकाइतकं ते दुरुस्त करायचं. केनेथ कॅम्पबेल यांनी २००३ मध्ये तिला नीट रूप दिलं. आपल्या शिंप्यासारखं हे. तयार सदरा आणायचा आणि अंगाप्रमाणे उसवून शिवायचा. अट एकच, की अंगाचं माप ठाऊक हवं.

या तिन्ही वाटांनी पाच-दहा सूत्रं हातात येतात, आणि एकाच गावासाठी, एकाच भूकंपासाठी त्यांची उत्तरं दुप्पट-तिप्पट वेगळी असू शकतात. मग निवडायचं कसं? फाब्रिस कॉतों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये यावर एक निबंध लिहिला. त्यातली गंमत अशी, की त्यांनी चांगलं सूत्र कोणतं हे सांगितलंच नाही. कोणती सूत्रं टाकून द्यायची ते सांगितलं. ज्याचा प्रदेश उघडच वेगळ्या घडणीचा आहे, जे जाणकारांच्या परीक्षणातून गेलेलं नाही, ज्याचा आधार नीट लिहून ठेवलेला नाही, ज्याच्या जागी त्याच लेखकांचं नवं सूत्र आलेलं आहे, ते बाजूला ठेवा. उरतील ती सगळी घ्या, आणि प्रत्येकाला विश्वासाच्या प्रमाणात वजन द्या. याला लॉजिक ट्री म्हणतात. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे ओळखीचं वाटतं. सत्य हाताशी नसेल तेव्हा चूक ओळखून वगळणं हाच शहाणपणाचा मार्ग असतो.

कोणी म्हणेल, वजनं तरी आकड्यांवरून ठरवा, इथल्या नोंदींशी जे जुळेल त्याला जास्त. फ्रँक शेरबाउम वगैरेंनी त्यासाठी चांगल्या कसोट्या दिल्या आहेत. पण अडचण बघा. नोंदी नसलेल्या मुलखात असतात त्या नोंदी मॅग्निट्यूड तीन-चारच्या. तीनच्या धक्क्यात पास झालेलं सूत्र साडेसहाच्या भूकंपात पास होईलच असं नाही. आपले नैयायिक याला उपाधी म्हणाले असते. जिथं अग्नी तिथं धूर, हा नियम स्वयंपाकघरात खरा वाटतो, कारण तिथं लाकूड ओलं असतं. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. ओलं सरपण ही लपलेली अट. उसन्या सूत्रात अशी कोणती लपलेली अट आहे, हा खरा प्रश्न आहे.

त्या लपलेल्या अटीचं एक उदाहरण आपल्याच देशात मिळालं. २२ मे १९९७ ला जबलपूरला भूकंप झाला, मॅग्निट्यूड ५.८. किल्लारीनंतर सुधारलेल्या यंत्रांच्या जाळ्यानं तो चांगला टिपला. त्याची खोली निघाली सुमारे ३५ किलोमीटर. किल्लारी जमिनीच्या अगदी खाली, जबलपूर कवचाच्या तळाशी, आणि दोन्ही त्याच स्थिर म्हटलेल्या द्वीपकल्पात. म्हणजे स्थिर प्रदेश हे एकच नाव दिलं म्हणून आतली वस्तू एकच होत नाही. आणि कोयना ते किल्लारी? अंतर सुमारे ३०० किलोमीटर. किल्लारीला खोदलं तेव्हा काळ्या पाषाणाचा थर ३३८ मीटरवर संपला. कोयनेकडे तो त्याच्या कितीतरी पट जाड आहे.

या शास्त्रात एक गृहीत आहे, त्याला अर्गोडिक गृहीत म्हणतात. एका जागी हजारो वर्षं थांबून जे दिसलं असतं, ते अनेक जागी थोडी वर्षं बघून मिळेल, असं त्यात मानलेलं असतं. काळाची उणीव जागेनं भरून काढायची. अँडरसन आणि ब्रून यांनी १९९९ मध्ये दाखवलं की असं केल्यानं धोक्याचा आकडा चुकू शकतो, कारण जागांमधला फरक हा एकाच जागेतला चढ-उतार असल्यासारखा मोजला जातो. पण नोंदी नसलेल्या मुलखाला दुसरा उपाय तरी काय? गृहीत वापरावं लागतं. ते वापरतोय हे लिहून ठेवलं पाहिजे, एवढाच आमचा आग्रह.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०११ मध्ये देशाचा संभाव्यतेवर आधारलेला भूकंप-नकाशा पुरा केला. कराडजवळ आता कोयनेच्या खडकात तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास चालू आहे. २००२ च्या आवृत्तीत पहिला विभागही रद्द झाला, किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. प्रगती झाली आहे, ती नाकारायची नाही. पण नीट बघितलं तर कोयनेनंतर शून्य गेला आणि किल्लारीनंतर एक गेला. प्रत्येक अंक माणसं गेल्यावर बदलला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. कशावरून ठरवलं होतं? आम्ही आज त्याला असं सांगू. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती अनुपलब्धी नावाचं एक प्रमाण मानतात. टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळतं. पण त्याला एक कडक अट आहे: घडा असता तर दिसला असता, अशी स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही. किल्लारीसारख्या भागात दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षं जाऊ शकतात. आपला लिखित इतिहास त्यातला छोटासा तुकडा, यंत्रांचा इतिहास तर नखाएवढा. तिथं भूकंप दिसला नाही, कारण बघायला उजेडच नव्हता. आणि आपण त्या अंधाराला नकाशावर रंग दिला, त्याला आधी शून्य म्हटलं, मग एक म्हटलं. आपल्याला माहीत नाही आणि तिथं काही नाही, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. नकाशानं दुसरं लिहिलं, आणि वाचणाऱ्यानं ते खरं मानून त्याच मातीच्या माळवदाखाली अंथरूण घातलं.

ग्राउंड मोशन मॉडेल निवडणारे आजचे तरुण शास्त्रज्ञ हे जाणतात. म्हणूनच ते एका सूत्रावर विसंबत नाहीत, फाटे ठेवतात, वजनं देतात, मर्यादा लिहितात. आमची त्यांना विनंती एकच. अहवालाच्या शेवटी जो आकडा नकाशावर जातो, त्याच्यासोबत तो कोणाकडून उसना आणला हेही जाऊ द्या. गावच्या ग्रामसेवकापर्यंत, गवंड्यापर्यंत जाऊ द्या. आकडा पोचतो, त्याची शंका वाटेत गळून पडते, आणि माणसं मरतात ती गळून पडलेल्या शंकेमुळे.

तो विद्यार्थी पुढं शिक्षक झाला. त्याच्या शाळेच्या बांधकामात कोपऱ्यांत आणि लिंटलच्या पातळीवर सळ्यांचे पट्टे आहेत की नाहीत, ते त्यानं स्वतः उभं राहून बघितलं असं त्यानं कळवलं. त्याला सूत्राची वाट बघायची गरज वाटली नाही. ते आम्हाला पटतं. सूत्र अनिश्चित असलं तरी घर कसं बांधायचं याबद्दल बरंच काही निश्चित माहीत आहे. निवड चुकली तरी माणूस वाचेल इतकी ताकद घरात ठेवायची, हे ठरवायला परक्या मुलखातली नोंद लागत नाही.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा. उत्तर लगेच मिळालं नाही तर मात्र आमच्या त्या विद्यार्थ्याइतका धीर ठेवावा लागेल.